जुन्या जीपचा नवा पत्रा

सहकारी संस्थेच्या प्रोसिडिंग बुकात गंमत लिहायची सोय नसते. तिथं सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर', संपलं. अनुमोदक त्या वेळी बाहेर तंबाखू थुंकायला गेला होता, असं लिहिलं तर ऑडिटर पेन काढतो. वीसेक वर्षं मी आमच्या संस्थेचा सेक्रेटरी होतो. जे बुकात बसलं नाही, ते सगळं माझ्याकडं साठत गेलं. चहाला चार माणसं जमली की आपोआप बाहेर पडतं. बायको विचारते, तुमची संस्था काम कधी करायची? मी म्हणतो, मधल्या वेळात.

संस्था म्हणजे धारूरच्या बाहेर, घाट लागायच्या अलीकडे, एक लांबलचक शेड आणि नऊ सभासद. सगळे पत्रा कापणारे, ठोकणारे, जोडणारे. उसाच्या ट्रॉल्या बांधणं हा आमचा धंदा. पुढं सलग दोन वर्षं पाऊस रुसला. ऊस नाही म्हणून कारखान्याची चिमणी थंड, आणि चिमणी थंड म्हटल्यावर ट्रॉली कोण घेणार? पाण्याच्या टाक्या जोडायचं काम तेवढं होतं, तेही संपत आलेलं.

नऊपैकी चौघं पुढच्या हंगामाला कोयता घेऊन बाहेरच्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जायच्या बेतात होते. त्यात आमचा संपत. संपतसारखा ग्राइंडर चालवणारा माणूस तालुक्यात नव्हता, आणि त्याची मुलगी त्या वर्षी दहावीत जाणार होती. आईबाप तोडीला गेले की पोरीच्या शाळेचं काय होतं, ते आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अशात, शिमग्याच्या सुमारास, जीप आली.

* * *

ती स्वतःच्या चाकांवर आली नाही. पुण्याच्या एका रिटायर्ड कर्नलसाहेबांनी परळीच्या भंगारवाल्याकडून महायुद्धातली जुनी लष्करी जीप घेतली होती. ती ट्रकवर घालून नेताना घाटाच्या तोंडाशी साखळीचा हूक तुटला. तो जोडून घ्यायला साहेब आमच्या शेडात शिरले.

गफूरभाई आमचे वेल्डर. ते हूक जोडेपर्यंत आमचे भानुदास मिस्त्री ट्रकवर चढले. मिस्त्री म्हणजे पत्र्यातला देवमाणूस. देवच, कारण बोलायचे नाहीत. जीपमध्ये नव्या मडगार्डांची एक जोडी पडली होती. जुन्या गाडीला बसावी म्हणून साहेबांनी कुठूनतरी मुद्दाम मागवलेली नक्कल. भोकं जुळत नव्हती, गोलाई बसत नव्हती, साहेब वैतागलेले. मिस्त्रींनी डोळे मिटून मडगार्डावरून बोटांची मागची बाजू फिरवली.

"ज्यानं हे केलंय," ते म्हणाले, "त्यानं गाडी बघितलेलीच न्हाई. निस्ता कागद बघितलाय."

संध्याकाळच्या आत मिस्त्रींनी गोलाई नीट केली, जुनी भोकं बुजवली, दोन सूत अलीकडं नवी पाडली आणि मडगार्ड जीपवर बसवून दाखवलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडं सगळं माप त्यातच चालतं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मग म्हणाले, अशा गाड्या जपणारी आमची एक मंडळी आहे, सगळ्यांची हीच रड आहे. या जीपची पूर्ण बॉडी नव्यानं करून दाखवा, मडगार्डापासून खालच्या टबापर्यंत. दसऱ्याला मी येईन. पास झालात तर वीस गाड्यांचं काम तुमचं.

वीस गाड्या म्हणजे कुणालाच कोयता उचलायला नको. आमच्या तोंडाला पाणी सुटलं. शांत होते ते फक्त आमचे चेअरमन आबा. त्यांनी साहेबांना सांगितलं की ठरावाशिवाय ही संस्था खिळासुद्धा ठोकत नाही. मग ट्रक उभा, साहेब उभे, आणि आम्ही शेडात सतरंजी अंथरून सभा घेतली. ठराव मी लिहिला: 'जुन्या गाडीचे नवीन जुने भाग तयार करण्यास मंजुरी.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "याहून बरोबर मलाही सांगता आलं नसतं."

* * *

पहिलं मडगार्ड आम्ही ट्रॉलीच्या पत्र्याचं केलं. कुणी विचारलंच नाही. ट्रॉलीत टनावारी ऊस भरतात, त्याला जाड पत्रा लागतो, हाताला तीच सवय. शिवाय आबांचं म्हणणं, लष्कराचं काम आहे, नाव जायला नको.

महिन्यानं साहेब पाहायला आले. मडगार्ड उचलून जीपपर्यंत न्यायला चार माणसं लागली. बसवल्यावर जीप त्या बाजूला कलली. साहेब खाली वाकून स्प्रिंगकडं पाहत म्हणाले, "आबा, मी जीप सांगितली होती. रणगाडा नाही."

आबा म्हणाले, "असू द्या साहेब. कमी पडायला नको."

साहेबांनी मग मूळ पत्र्याचा तुकडा हातात दिला. मिस्त्रींनी तो दोन बोटांत धरून वाकवून पाहिला आणि त्यांचं तोंडच उतरलं. अठरा गेज, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. आमच्याकडं त्या गेजची धान्याची कोठीसुद्धा कुणी करत नाही. दोन दिवस तो तुकडा खिशात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सेक्रेटरी, ह्या पापडीवर त्यांनी लढाई कशी जिंकली असंल?"

* * *

वैशाखापर्यंत मडगार्डं आणि बॉनेट अठरा गेजमध्ये तयार झाली. साहेबांच्या मेकॅनिकनं पुण्याहून येऊन इंजिन सुरू करून दिलं होतं. आबांच्या पुतण्याचं लग्न उमापूरला होतं. आबांनी जाहीर केलं की बॉनेटची रोडवर टेस्टिंग होणं गरजेचं आहे. टेस्टिंग म्हणजे त्यात नवरदेव बसणार होता.

मिस्त्रींनी विरोध केला, पण तो तोंडातल्या तोंडात. शेवटी तेही सोबत आले. उमापूरच्या वेशीतून वरात निघाली आणि नाचणाऱ्या पोरांपैकी तिघं बॉनेटवर चढले. तीन गडी, पायात बूट, आणि बँडवाला काही थांबायला तयार नाही. मिस्त्री वरातीच्या बाजूनं चालत होते, नजर बॉनेटवर, हात जोडलेले. मंडपाशी पोरं उतरली तसे ते धावले, रुमालानं धूळ पुसली, बोटं फिरवली. कुठं खळगा नाही, कुठं पोचा नाही. तिथंच बॉनेटला टेकून ते रडायला लागले. मी पाठीवर हात ठेवला, कारण मलाही भरून आलं होतं. नमुना खराब झाला असता तर पुन्हा तसा करायला महिना गेला असता.

वरातीतल्या एका म्हाताऱ्यानं हे सगळं पाहिलं आणि मला विचारलं, "नवरीचे मामा हायेत का?"

* * *

आता हा किस्सा मी सांगतो तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही, पण बुकात सही-शिक्क्यासह नोंद आहे.

जीपच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर, मागच्या चाकाच्या थोडं वर, तळहाताएवढा उथळ खोलगट भाग होता. अगदी गुळगुळीत, कडा घोटलेल्या. तो मुळातच तसा होता की कशाला धडकून झाला होता, हे काही कळेना. साहेब परदेशात आपल्या मुलीकडं गेलेले, फोन लागत नव्हता. काम तर थांबवता येत नव्हतं, कारण दसरा काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. आबा म्हणाले, वाद कशाला, सभा घेऊ.

सभा दोन तास चालली. मिस्त्रींचं म्हणणं पडलं की कोपर टेकायला मुद्दाम केलेलं आहे, शिपाई माणूस तासन् तास बसायचा. गफूरभाई म्हणाले, असं असतं तर दुसऱ्या बाजूला पण असतं. त्यावर संपत म्हणाला, दुसऱ्या हातात बंदूक असंल की. हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला. हात वर करून मतदान झालं. सहा विरुद्ध तीन मतांनी खळगा मंजूर!

मिस्त्रींनी लाकडाचा साचा केला, त्यावर तो खळगा जिवापाड मेहनतीनं उतरवला. चांगला झाला म्हणून पुढच्या कामासाठी आणखी तीन पत्रे तसेच करून ठेवले. चारही हुबेहूब. साहेब आले तेव्हा आम्ही चारही पत्रे भिंतीला ओळीनं उभे केले होते. साहेब त्यांच्यापुढून एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मूळ डिझाइन आहे, असं आबांनी सांगितलं. साहेब जवळच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "आबा, मी ही गाडी घेतली त्याच दिवशी परळीला भंगारवाल्याच्या फाटकातून ढकलून काढत होतो. स्टिअरिंगवर मीच होतो. हा त्याच्या फाटकाचा खांब आहे."

मग गफूरभाई माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सेक्रेटरीसाब, माझं मत विरोधात होतं. तेवढं बुकात वर नावानिशी लिहा."

* * *

हे गफूरभाई दुसऱ्याची चूक काढण्यात पटाईत, पण खरी मोठी चूक त्यांनीच केली.

टब म्हणजे जीपचं खालचं पूर्ण भांडं, ज्यात माणसं बसतात. उघडी गाडी असल्यामुळं पावसाचं पाणी आत साचतं, ते निघून जावं म्हणून तळाला एक भोक असतं. मूळ टबाला होतं. मिस्त्रींनी नव्या टबाला ते बरोबर पाडलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर भोक बंद. त्यांनी पुन्हा पाडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद, आणि इतकं सफाईनं की शोधूनही सापडेना.

मिस्त्रींना वाटलं कुणीतरी मुद्दाम खोड्या करतंय. संपतवर संशय घेतला, संपत चिडला, दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी मीच एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाळत ठेवली. गफूरभाई डबा खाऊन उठले, टबाशेजारून जाता जाता थांबले, भोक पाहिलं, गॅस पेटवला, बुजवलं आणि हात धुवायला गेले.

मी विचारलं, गफूरभाई, हे कशापायी करता? ते खरंच गोंधळले. त्यांनी गेली दीड वर्षं पाण्याच्या टाक्याच जोडल्या होत्या. चारा छावणीत गुरांना पाणी त्यांच्याच टाक्यांतून मिळायचं. कुठं एक थेंब गळला तर लोक घरी येऊन भांडायचे. हातांना एकच गोष्ट माहीत झाली होती.

"मला कळतंय हो," ते म्हणाले. "पण पानी जायला वाट ठेवायची म्हणलं की माझा हात ऐकत न्हाई."

मिस्त्रींनी चौथ्यांदा भोक पाडलं, त्याला एक छोटं बूच केलं, बुचाला साखळी लावली आणि ते बूच गफूरभाईंच्या हातात दिलं. तुमी लावा, तुमीच काढा, असं म्हणाले. त्यानंतर भोक शाबूत राहिलं. संपत आणि मिस्त्रीही बोलायला लागले.

* * *

काम सुधारलं ते कशानं, हा साहेबांना पडलेला प्रश्न. चैत्रातल्या पत्र्याला हात लावला की लाटा जाणवायच्या, श्रावणातला पत्रा आरशासारखा. साहेबांना वाटलं मिस्त्रींनी काही नवं यंत्र आणलं.

खरी गोष्ट अशी. पत्रा ठोकताना जरा जास्त ताणला गेला की फुगतो. तो फुगवटा बसवायचा तर तिथं गॅसनं लाल करून ओलं फडकं मारतात, की पत्रा आखडतो. मिस्त्री बिनधास्त ठोकायचे आणि मग फडकं मारत बसायचे. त्याला दिवसाला घागरभर पाणी लागायचं. आणि पाण्याचा टँकर यायचा आमच्या शेडासमोरच, वस्तीतल्या बायका ड्रम घेऊन रांगेत. त्यांची पुढारी संपतची बायको, रुक्मिणवहिनी.

एक दिवस वहिनींनी मिस्त्रींना घागर भरताना पाहिलं. त्या शेडात आल्या, ओल्या फडक्याकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं. म्हणाल्या, "पोरं दोन दिस आंघोळीची न्हाईत आन् तुमी पत्र्याला पानी पाजता व्हय, भाऊ?" आबांनी मध्ये पडून हे काम झालं तर तुझ्याच घराचं भलं आहे वगैरे सांगून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, काम झाल्यावर बघू, तवर कोयत्याला धार लावून ठेवलीय. मग त्यांनी निकाल दिला: शेडाला दिवसाला एक तांब्या. त्याच्यावर थेंब नाही.

मिस्त्री आठ दिवस हताश होऊन बसले. नंतर त्यांनी हातोडी हलकी केली. घाव मोजून, एकावर एक न पडू देता, शेजारी शेजारी. फुगवटा येऊच द्यायचा नाही म्हणजे फडकं लागणारच नाही. श्रावण येईपर्यंत तो तांब्या संध्याकाळी भरलेलाच परत जाऊ लागला.

साहेबांनी नव्या पत्र्यावरून हात फिरवत विचारलं, "मिस्त्री, ही सफाई आली कुठून?"

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "पानी न्हाई, साहेब," एवढंच म्हणाले.

* * *

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, जीपच्या बॉनेटला झेंडूचा हार घातला, आणि साहेब काही आले नाहीत. फोन आला, उद्या येतो. आणि उद्याच ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक लागणार होता. संपतनं सांगून टाकलं होतं, की दुपारपर्यंत निकाल लागला तर ठीक, नाहीतर ट्रक चुकवता येणार नाही. पोरीला त्यानं मावशीकडं ठेवायचं ठरवलं होतं. मावशीचं घर शाळेपासून सहा कोस.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ट्रक शेडासमोर रस्त्यावर येऊन उभा राहिला. वस्तीतली बिऱ्हाडं चढायला लागली. पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, कोंबड्या, लेकरं. संपतचं गाठोडं चढलं. रुक्मिणवहिनी वर जाऊन बसल्या. संपत मात्र खालीच, एक डोळा शेडावर, एक ट्रकवर. मुकादम हॉर्न वाजवून वाजवून घाई करत होता.

एक वाजता साहेबांची गाडी आली. साहेबांबरोबर एक थकलेले गृहस्थ होते, ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांना जाड चष्मा, हातात काठी. साहेबांनी ओळख करून दिली, हे हवालदार. फौजेत असल्या जीपा चालवण्यात यांची उभी हयात गेली, झोपसुद्धा त्यातच. मला काय समजतंय? यांनी हो म्हटलं की आमच्या सगळ्या मंडळींचं हो.

आबांनी पुढं होऊन मडगार्ड दाखवायला सुरुवात केली. हवालदारांनी तिकडं पाहिलंच नाही. मिस्त्रींनी मापाची पट्टी पुढं केली, तीही घेतली नाही. त्यांनी काठी गफूरभाईंच्या हातात दिली, एका हातानं टबाची कड धरली, आणि त्या वयाचा माणूस एका ढांगेत आत जाऊन बसला. स्टिअरिंगला हात लावला नाही. एक पाय उचलून बाहेर कडेवर टाकला. पाठ मागं टेकली. टोपी डोळ्यांवर ओढली.

आम्ही वाट पाहू लागलो. आबांना खोकला आला, तो त्यांनी गिळला. बाहेर हॉर्न वाजत होता. पाच मिनिटं गेली, सात गेली. मिस्त्री माझा दंड इतका घट्ट धरून होते की दुसऱ्या दिवशी तिथं वळ उठलेला होता. आणि मग टोपीखालून आवाज यायला लागला. संथ, खोल, एका लयीत.

हवालदार घोरत होते!

मला वाटलं, झालं. संपलं. म्हाताऱ्यानं आमचं वर्ष झोपून घालवलं. मी साहेबांकडं पाहिलं. साहेबांचे डोळे भरले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, चवड्यांवर चालत मिस्त्रींजवळ आले, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कुजबुजले, "वीस करा."

मिस्त्रींनी आत्ता कुठं माझा दंड सोडला. संपत पळतच रस्त्यावर गेला. ओरडता येत नव्हतं, म्हणून खालूनच दोन्ही हात वर करून उभा राहिला. वहिनींनी त्याच्याकडं पाहिलं, शेडाकडं पाहिलं, मग शांतपणे आधी गाठोडं खाली दिलं, मग पेटी, मग कोयता. बाकीच्या तिघांच्या बायकांनीही आपापली पोती खाली सरकवली. मुकादम खवळून दार आपटायला निघाला, तशी वहिनींनी ट्रकवरून उतरता उतरता त्याला दटावलं.

"ट्रक जरा ढकलत पुढं न्या," त्या म्हणाल्या. "म्हातारं आत्ता कुठं झोपलंय."